घरच्या घरी चिलखती हात: पत्रा कुठला, सांधे कसे, आणि वजनाचं काय?

ठोकपीट
नमस्कार मंडळी. आमच्या भागात शिवजयंतीची मिरवणूक निघते आणि त्यात आम्ही पाच-सहा जण मावळे-सरदार होऊन चालतो. आजवर चिलखत म्हणजे फोमवर मारलेला चंदेरी रंग. फोटोत चालून जातं, पण जवळून बघणारं शाळकरी पोरगंसुद्धा बोटाने दाबून "हे तर मॅटचं आहे" म्हणतं. यंदा निदान उजवा हात तरी खऱ्या पत्र्याचा करायचा असं डोक्यात घेतलं आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत, सगळे सांधे हलणारा.

माझ्याकडे आहे ते असं: ड्रिल मशीन, छोटा ग्राइंडर, पत्रा कापायची कात्री, बॉलपीन हातोडी, रबरी मोगरी, कानशी आणि गच्चीवर बसवलेला जुना वाईस. वेल्डिंग येत नाही. प्रश्न तीन: पत्रा कुठला आणि किती जाड घ्यावा? वेल्डिंगशिवाय जमेल का? आणि कोपर-मनगट हलते कसे ठेवायचे?

पत्रेवाला_काका
हौस दांडगी आहे, आवडलं. आधी पत्र्याचं सांगतो.

सीआर पत्रा घे, म्हणजे कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला पोलादी पत्रा. गुळगुळीत असतो, थंडच ठोकता येतो, चकाकीही चांगली चढते. दुकानात गेजमध्ये (जाडीच्या क्रमांकात) बोलू नकोस, मिमीत बोल. 18 गेज म्हणजे 1.2 मिमी आणि 20 गेज म्हणजे 1 मिमी असं काउंटरवर सांगतात, हातात येतं ते कधी कमी भरतं. मिरवणुकीत तुझ्यावर कोणी तलवार चालवणार नाही, तेव्हा 1 मिमी पुष्कळ झाला. 1.2 हा नवशिक्याच्या मनगटाला जड जातो, आणि 0.8 घेतलास तर गर्दीत कोणाचा धक्का लागला तरी खळगा पडेल.

जीआय पत्रा स्वस्त दिसेल, त्याला भुलू नको. त्यावर जस्ताचा थर असतो. तो तापवला किंवा वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला ठाऊक असतो. स्टेनलेस दिसायला झकास, पण ठोकता ठोकता इतकं कडक होत जातं की तू आणि हातोडी दोघेही थकाल.

वेल्डिंग लागतच नाही. चिलखत म्हणजे रिव्हेट (टोक ठोकून पत्रे जोडणारी खीळ), बिजागरी आणि चामडं.

वजनाचा हिशोब: 1 मिमी जाडीचा पोलादी पत्रा एका चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात झाकायला साधारण 2000 चौ. सेंमी धर. म्हणजे दीड किलोच्या वर नुसता पत्रा. त्यात एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्या, रिव्हेट, बक्कल, अस्तर मिळवलंस की दोन किलो कुठेच गेले नाहीत. एका हातावर. तीन तास चालायचंय ना?

चष्मिष्ट
धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. एकच शंका: तुमच्या सोसायटीत दुपारी झोपणारे काका नाहीत का? आमच्याकडे खलबत्ता वाजला तरी व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर नोटीस पडते.

नसती_उठाठेव
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. थ्रीडी प्रिंटर आहे ना. फाइल उतरवा, छापा, वर धातूचा रंग. दोनशे ग्रॅममध्ये काम खल्लास.

पत्रेवाला_काका
नसती_उठाठेव, ते पोरगं पुन्हा बोटाने दाबणार.

स्नायू_सांधे
मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठोकाठोकीतलं काही कळत नाही. पण सांध्यांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

सगळे कोपराच्या घडीचा विचार करतात. ती सोपी आहे. कोपर दाराच्या बिजागरीसारखं एकाच दिशेने वळतं, साधारण 140 अंशांपर्यंत. खरी गोम कोपर ते मनगट या भागात आहे. तळहात आकाशाकडे करा, मग जमिनीकडे करा. हे वळण मनगटात होत नाही, अख्ख्या अग्रबाहूत होतं. तिथे दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं हाड जागच्या जागी राहतं आणि अंगठ्याच्या बाजूचं त्याच्यावरून आडवं पलटतं. दुसऱ्या हाताने चाचपून बघा, कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने निघणारी कड जवळपास हलत नाही.

याचा अर्थ, तुम्ही अग्रबाहूवर घट्ट नळी चढवलीत तर ती मनगटाबरोबर फिरायला बघणार आणि कोपराशी अडणार. भाला हातात घेऊन मनगट फिरवलं की कड कातडीत रुतेल. मनगटाशी हाताचा छेद चपटा अंडाकृती असतो, गोल नसतो. तिथे गोल नळी केलीत तर एक तर सैल डुगडुगेल नाही तर दोन बाजूंनी चावेल.

दुसरं, वजन कुठे आहे याला महत्त्व आहे. अर्धा किलो कोपराजवळ असणं वेगळं आणि तोच अर्धा किलो मुठीवर असणं वेगळं. हात पुढे धरल्यावर सगळा भार खांद्याच्या स्नायूंवर येतो. आधी सर्दी-पडशासारखा किरकोळ वाटणारा खांदा दुसऱ्या दिवशी वर जात नाही, मग आमच्याकडे येता.

ठोकपीट
ताई, हे वाचून मी पाच मिनिटं हात उलटासुलटा करत बसलो होतो, बायको विचारत होती काय झालं. ही नळीची भानगड माझ्या डोक्यातच नव्हती. मग त्या युरोपियन सरदारांचे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले पोशाख चालायचे कसे?

श्टुटगार्टकर
त्यावर मी लिहू शकतो. मी इकडे जर्मनीत आहे आणि वीकेंडला किल्ले-संग्रहालयं पालथी घालणं हा आमचा मराठी मंडळींचा उद्योग.

त्यांची युक्ती अशी की हात हा एक सलग तुकडा नसायचाच. दंडाचा तुकडा, कोपराची वाटी, अग्रबाहूचा तुकडा आणि पंजा, असे सुटे भाग. दंड आणि कोपर यांच्यामध्ये अरुंद पट्ट्या. काही ठिकाणी पट्ट्या आतून चामड्याच्या फितीवर रिव्हेट केलेल्या, काही ठिकाणी सरकते रिव्हेट. सरकता रिव्हेट म्हणजे एका पट्टीला गोल भोक, दुसऱ्या पट्टीला लांबट खाच, रिव्हेट खाचेत मागेपुढे सरकतो. दंडाच्या तुकड्यातही एक जोड असा करायचे की खालचा भाग वरच्या भागात थोडा गोल फिरेल. आणि हे सगळं लोंबायचं कुठून? हातावर आवळलेलं नसायचं. आत जाड कापसाळलेला अंगरखा, त्याच्या खांद्याला दोऱ्या, त्या दोऱ्यांना हात बांधलेला. म्हणजे वजन खांद्याच्या वरून उतरायचं. ऑस्ट्रियात ग्रात्सच्या शस्त्रागारात असल्या हजारो वस्तू एकाच इमारतीत ठेवल्या आहेत. तिथे साध्या शिपायाची चिलखतं बघितली की कळतं, त्यांनाही पूर्ण हात परवडत नव्हता, बऱ्याच ठिकाणी नुसता वरून पट्ट्यांचा पडदा असतो.

अवांतर: लोखंडी हात म्हटलं की इकडे ग्योट्झ फॉन बर्लिशिंगन या जर्मन सरदाराचं नाव निघतंच. 1504 मध्ये लांड्सहूटच्या वेढ्यात याचा हात तोफेमुळे गेला. मग त्याने लोखंडी हात करून घेतला. बोटं दुसऱ्या हाताने वाकवली की आतले दाते त्यांना त्याच जागी अडकवून ठेवत आणि कळ दाबली की स्प्रिंगने सरळ होत. त्या हातावर तो पुढची कित्येक वर्षं लढत राहिला आणि 1562 पर्यंत जगला. याग्स्टहाउझनच्या गढीत तो हात ठेवला आहे. बोटांच्या सांध्यांची कारागिरी बघून मी तरी ठरवलं की हा घरी गच्चीवर करायचा प्रकार नाही.

मर्दानी_कोल्हापूर
रामराम. मघापासून वाचतोय. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी युरोपातला हात कशाला पायजे? आपल्याकडचा दस्ताना बघा की. मुघल, राजपूत, मराठे, शीख, सगळ्यांच्यात चालायचा.

दस्तान्यात एक लांब पत्रा असतो, पन्हाळीसारखा वळवलेला. तो हाताच्या बाहेरच्या अंगाला बसतो आणि मनगटापासून निघून कोपराच्या पुढं चार बोटं जातो. वरचं टोक गोल किंवा पानाच्या शेंड्यासारखं. आतल्या अंगाला फक्त मनगटाजवळ एक आखूड पत्रा, तो बिजागरीनं जोडलेला. एका बाजूची खीळ काढली की उघडतो, हात घालायचा, खीळ परत सारायची. पंजावर लोखंडी कड्यांची जाळी नाहीतर मखमलीचा जाड हातमोजा. झालं.

आता बघा, कोपराला सांधाच नाही. हात वाकवला की कोपराचं टोक त्या वाढीव पत्र्याखाली आपोआप येतं. दंडाच्या बाजूला काहीच बांधलेलं नाही, म्हणून अडत नाही. ताई म्हणतात ते करंगळीकडचं हाड, पत्रा त्याच्यावरच बसतो. वार अडवताना हात वर घेतला की तीच बाजू समोर येते, म्हणून तिथंच लोखंड. बाकी ठिकाणी मोकळं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पुण्यात केळकर संग्रहालयात शस्त्रांची दालनं आहेत, जाऊन बघून या. नुसत्या समोरून फोटोवर जाऊ नका, बाजूनं वाकून बिजागरी बघा.

स्नायू_सांधे
हे फारच सुंदर आहे. जे हाड फिरत नाही त्यावर पत्रा ठेवायचा आणि जे फिरतं ते मोकळं सोडायचं. ठोकपीट, हाच करा.

नसती_उठाठेव
पण मग दांडपट्टाच का करू नये? त्याला पण हातभर लोखंड असतंच. दोन्ही कामं एकात.

मर्दानी_कोल्हापूर
पट्ट्याच्या मुठीत आडवी दांडी असते, ती पकडून मूठ वळली की मनगटाला हालचालच राहात नाही. पातं हाताच्या सरळ रेषेत. म्हणून पट्टा फिरवायचा तो खांद्यातनं आणि कंबरेतनं, तलवारीसारखा मनगटातनं नाही. तसा हात घालून मिरवणुकीत चहाचा कप तरी धरून दाखवा. वस्तादांच्या हाताखाली शिकल्याबिगर पट्टा उचलू नये, गर्दीत तर नाहीच. आमच्यात पोरं आधी लाठी आणि फरी-गदका (छोटी ढाल आणि काठी) खेळतात.

2024 मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं, त्यामुळं हौशे वाढलेत. पण पातं लावलं की ते शस्त्र झालं. शस्त्र कायदा 1959 चा, त्याखालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा विषय येतो. आधी पोलीस ठाण्यात विचारा, मग ठोकायला बसा. नुसत्या दस्तान्याला ही कटकट नाही.

ठोकपीट
ठरलं. खांदा, दंड, बोटं सगळं रद्द. दस्ताना. आणि मर्दानीदादा म्हणाले ते खरं, सरदाराच्या अंगावर नाइटचा हात विचित्रच दिसला असता.

काका, आता पायरीपायरीने सांगाल का? नमुना कसा काढू?

पत्रेवाला_काका
घे लिहून.

अस्तर आधी, पत्रा नंतर. जुनी जाड चादर किंवा वाकळीचा तुकडा दोन-तीन पदर करून हाताला गुंडाळ, त्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म, त्यावर मास्किंग टेप. हात काटकोनात वाकवलेला ठेव. टेपवर पेनाने कडा आखायच्या: मनगटाचं हाड, कोपराचं टोक, त्यापुढे चार बोटं. मग कात्रीने टेप सोडवून सपाट पसरायची. हा झाला नमुना. तो पुठ्ठ्यावर उतरव, पुठ्ठा वाकवून हाताला लाव, दोन्हीकडे तळहात फिरवून बघ, दाढी खाजवून बघ. पुठ्ठ्याला जे जमत नाही ते पत्र्याला जन्मात जमणार नाही.

हात खाली निमुळता असतो, म्हणून सपाट नमुना आयत येणार नाही, पंख्यासारखा वक्र येईल. वक्र दिसला की घाबरून सरळ करू नको.

कापण्याआधी कडेला जास्तीची पट्टी सोड. कड तारेवर गुंडाळून गोल करायची आहे, तारेच्या जाडीच्या अडीच पट पत्रा लागतो. 3 मिमीची तार म्हणजे साडेसात मिमी. तारेची कड दिसायला भरीव दिसते, पत्रा ताठ राहतो आणि हाताला, शेजाऱ्याला, पोराबाळांना कापत नाही. ही पायरी गाळून नुसती कानस मारणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नको. फक्त कोपराच्या वळणावर तार बसवायला वेळ लागेल, तिथे थोडं थोडं वळवत जायचं.

कापताना कात्रीचं तोंड पूर्ण मिटू द्यायचं नाही, मिटलं की कडेला दाता पडतो. कापलेल्या कडेला उठणारी बारीक धारदार बर कानशीने काढून मगच पुढे.

मग वळवणं. वाईसमध्ये जाड भिंतीचा पाइप आडवा धर. त्यावर पत्रा ठेवून हाताने दाबत दाबत वळव, हातोडी नंतर. हाताने आलेलं वळण सगळीकडे सारखं येतं. मनगटाकडे बारीक पाइप, कोपराकडे मोठा. अंडाकृती आणायला शेवटी दोन्ही बाजूंनी तळहातांनी हलकं चेपायचं.

कोपराजवळचा फुगवटा हीच खरी ठोकाठोक. झाडाच्या बुंध्याच्या ओंडक्यात बशीएवढा उथळ खळगा कोर, नाहीतर जाड कापडी पिशवीत वाळू घट्ट भर. आतल्या बाजूने, गोल तोंडाच्या हातोडीने, कडेकडून मध्याकडे गोल गोल जायचं. घाव हलका, पण एकाला एक लागून. हातोडीचं तोंड आधी पॉलिश पेपरने घासून आरशासारखं कर, तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो. मग पालथं करून पाइपवर घेऊन बाहेरून हलक्या हाताने सपाटी आणायची. इतक्या उथळ फुगवट्याला पत्रा तापवायची गरज नाही.

वजन: बाहेरचा पत्रा 33 सेंमी लांब आणि सरासरी 17 रुंद धरला तर 1 मिमीत 440 ग्रॅम. आतला आखूड पत्रा शंभरेक चौ. सेंमीचा, साधारण 80 ग्रॅम. बिजागऱ्या, तार, अस्तर धरून पाऊण किलोच्या आसपास.

चष्मिष्ट
दाढी खाजवून बघ, ही आयएसआय चाचणी व्हायला पाहिजे.

तांबटआळी_शेजारी
पुण्यात असाल तर कसब्यात तांबट आळीत चक्कर मारा. तिथे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम करतात, ते नुसत्या नक्षीसाठी नसतं. सगळ्या पृष्ठभागावर एकसारखे घाव घातले की धातू कडक होतो, भांडं चेपत नाही. दस्ताना पितळेचा केलात आणि वर मठार मारला तर कानशीचे ओरखडे लपतात आणि मिरवणुकीच्या उन्हात झळाळतो पण. पितळ ठोकताना मध्येच कडक होऊन तडकतं, तेव्हा मंद लाल होईतो तापवून परत मऊ करावं लागतं.

नसती_उठाठेव
म्हणजे तांबट आळीतच करायला टाकायचा. मग "घरच्या घरी" कुठे राहिलं?

तांबटआळी_शेजारी
बघायला जा म्हणतोय. घाव कसा बसतो ते व्हिडिओत दिसत नाही, कानाने कळतं. बरोबर बसलेल्या घावाचा आवाज वेगळा येतो.

वायरमन_पिंट्या
कोणी हे लिहिलं नाही म्हणून लिहितो. मिरवणुकीत जनरेटरची गाडी, एलईडीच्या माळा, ढोलाच्या ट्रॉलीवरची लाइट, सगळीकडे जोडलेल्या वायरी असतात आणि त्यांचा इन्सुलेशन टेप देवाच्या भरवशावर. हातभर लोखंड घालून त्या गाडीला टेकायचं नाही, वायर वर उचलून वाट करून द्यायला तर मुळीच पुढे जायचं नाही. घामाने भिजलेलं अस्तर अजून वाईट.

पत्रेवाला_काका
पिंट्याशेठ, लाख बोललात. त्याच यादीत: ड्रिल मारताना पत्रा लाकडावर क्लॅम्प करायचा, हाताने धरायचा नाही. भोक आरपार पडायच्या क्षणी बिट पत्र्याला धरतं आणि पत्रा पंख्यागत फिरतो. ड्रिल चालवताना सुती हातमोजे नकोत, बिटात गुंडाळले जातात. मोजे पत्रा उचलताना घाला. डोळ्याला चष्मा, कानात बोळे.

ठोकपीट
पुठ्ठ्याचा दस्ताना झाला. तळहात दोन्हीकडे फिरतो, कोपर पूर्ण वाकतं, दाढीही खाजवता येते. फक्त मनगटाची पुढची कड हाताच्या मागच्या बाजूला लागत होती, ती बोटभर मागे घेतली. पत्रा उद्या आणतो. आता बिजागरी आणि पंजा. पियानो बिजागरी (लांब पट्टीसारखी सलग बिजागरी) चालेल का? आणि कड्यांची जाळी मी करू शकतो का?

पत्रेवाला_काका
पियानो बिजागरी कापून चालेल, पण तिची खीळ कायमची बसवलेली असते. ज्या बाजूने उघडायचं आहे तिथली खीळ काढून सायकलची स्पोक घाल. स्पोक 2 मिमीची असते, ताठ असते, एका टोकाला वळवून कडी केलीस की बोटाने ओढता येते. त्या कडीला दोरी बांधून दस्तान्यालाच अडकव, नाहीतर मिरवणुकीत हरवेल आणि रात्री हात काढायला माझ्याकडे यावं लागेल.

रिव्हेट भरीव घे, डोकं बाहेर, आत वायसर आणि मग ठोकणी. पॉप रिव्हेट पटकन लागतो पण मधलं भोक लांबून दिसतं आणि आतलं टोक अस्तर फाडतं. अस्तर पत्र्याला चिकटवू नको, कडेच्या भोकांतून दोऱ्याने शिव, म्हणजे काढून धुता येईल. घामाचं मीठ पत्र्याला दोन दिवसांत गंज लावतं. घालून झाला की पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं.

मर्दानी_कोल्हापूर
जाळीच्या भानगडीत यंदा पडू नका. एका पंजाला हजारानं कड्या लागतात. मखमलीचा नाहीतर जाड मांजरपाटाचा दोन पदरी मोजा शिवा, आत कापूस, वरनं चौकटीची टीप, चौकटीच्या कोपऱ्यांवर पितळी फुल्या. बोटं उघडी राहिली तरी चालतंय, भाला धरायला बरं. मोजा दस्तान्याच्या आतनं टाचायचा, वरनं नाही.

ठोकपीट
मस्त. आमच्या मित्राला आता डाव्या हाताचा हवा आहे. तोच नमुना उलटा केला की झालं ना?

पत्रेवाला_काका
माप त्याच्या हातावर परत घे, त्याचा हात तुझा नाही. आणि तुझ्याही डाव्याला करशील तेव्हा पुठ्ठा पालथा करून आख, आणि आखलेली बाजू दोन्ही वेळा आतच राहील हे बघ. स्क्रायबरचे (पत्र्यावर आखायच्या टोकदार सळईचे) ओरखडे बाहेर आले की पॉलिशला बसावं लागतं.